मुलांवर अत्याचार करणाऱ्यांची सरकारी यादी: कोणाचं नाव चढावं, कोणाला दिसावं, आणि चुकून चढलेलं कसं उतरावं?

मृणाल_मुलुंड

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना घडली. तेव्हापासून मुंबई-ठाण्यातल्या पालक सभांमध्ये एक मागणी सारखी कानावर येते: मुलांवर अत्याचार करणाऱ्यांची सरकारी यादी सगळ्यांना बघता आली पाहिजे. शाळेत शिपाई ठेवताना, व्हॅन लावताना, पोहण्याचा क्लास निवडताना नाव टाकलं की लगेच कळलं पाहिजे.

मागणीमागची काळजी मला पूर्ण समजते. यादी हवी, याबद्दल माझ्याही मनात शंका नाही. पण ती कशी असावी हे कोणी बोलतच नाही. माझे तीन प्रश्न आहेत. नाव कशावरून चढावं: तक्रारीवरून, आरोपपत्रावरून की शिक्षा लागल्यावर? ते कोणाला दिसावं? आणि चुकीचं नाव चढलं तर ते उतरवायचा रस्ता काय?

काही पालक-शिक्षक संघ मिळून महिला व बालविकास विभागाला निवेदन देणार आहेत. त्यात घालता येईल असं नेमकं लिहा. एक विनंती: स्वतःच्या किंवा ओळखीतल्या घटना इथे सांगू नका. त्यातून एखाद्या मुलाची ओळख पटू शकते.

गिरगावकर

सरळ उत्तर देतो. सगळ्यांना दिसावी, फोटोसकट. अमेरिकेत न्यू जर्सीने १९९४ मध्ये आणि केंद्राने १९९६ मध्ये मेगनच्या (शेजारच्या गुन्हेगाराने मारलेल्या सात वर्षांच्या मुलीच्या) नावाचा कायदा केला. तिथे घरबसल्या पिनकोड टाकून बघता येतं. आपल्या चाळीत शेजारी कोण राहायला आलंय हे कळण्याचा हक्क आईबापांना नको? लहान मुलांचा प्रश्न असताना मोठ्यांच्या अब्रूला किती जपायचं?

काळा_कोट

चर्चा पुढे जाण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करू, नाहीतर शेवटपर्यंत घोळ राहील.

पहिली म्हणजे लैंगिक गुन्हेगारांची यादी. ही आपल्याकडे आहे. २० सप्टेंबर २०१८ ला ती सुरू झाली, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ती सांभाळतो, आणि सुरुवातीलाच तीत ४.४ लाखांहून जास्त नोंदी होत्या. नाव, पत्ता, फोटो, बोटांचे ठसे असा तपशील तीत असतो. ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना दिसते. शाळेला दिसत नाही, सोसायटीला नाही, मला वकील म्हणूनही नाही.

दुसरी म्हणजे बाल अत्याचाराची प्रशासकीय नोंदवही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ही आहे. तीत नाव चढायला कोर्टात शिक्षा व्हावी लागत नाही. बालसंरक्षण खात्याचा कर्मचारी चौकशी करतो, 'तथ्य आढळलं' असा शेरा मारतो आणि नाव चढतं. मारहाण, दुर्लक्ष, लैंगिक अत्याचार सगळं एकाच वहीत. नोकरी देताना, मूल दत्तक किंवा संगोपनासाठी देताना ती तपासतात. अशी वही आपल्याकडे नाही.

मृणालताईंच्या तीन प्रश्नांची उत्तरं या दोन्हींसाठी वेगवेगळी येतात. गिरगावकर, तुम्ही पहिलीबद्दल बोलताय. अन्यायाची मोठी उदाहरणं सापडतात ती दुसरीत.

सांख्यिक

गिरगावकरांसाठी दोन गोष्टी.

एक, आपल्याकडच्या अहवालांत बलात्काराच्या स्वरूपाच्या पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा कायदा) गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण गेली काही वर्षं ९५ टक्क्यांच्या वर आहे. नातेवाईक, शेजारी, कुटुंबाचा मित्र, शिकवणारा, मालक. केंद्र सरकारने २००७ मध्ये १३ राज्यांत १२,४४७ मुलांशी बोलून पाहणी केली होती. तीतही लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे मुलाच्या विश्वासातले होते. पिनकोड टाकून अनोळखी माणूस शोधण्याची सोय या मुलांच्या कामाला येत नाही.

दोन, अमेरिकेतल्या १५ राज्यांच्या आकडेवारीवर प्रेस्कॉट आणि रॉकॉफ यांचा २०११ चा अभ्यास आहे. गुन्हेगाराची नोंद पोलिसांकडे असली तर ओळखीच्या लोकांवरचे लैंगिक गुन्हे घटल्याचं त्यात दिसतं. तीच यादी जनतेला खुली केल्यावर नोंदवलेल्या गुन्हेगारांनी पुन्हा गुन्हे करणं कमी झालं नाही, उलट वाढल्याची चिन्हं दिसली. घर मिळत नाही, काम मिळत नाही, गमवायला काही उरत नाही, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं आहे.

बालवाडीताई

सांख्यिक यांच्या पहिल्या मुद्द्याला धरून एक गोष्ट सांगते. सगळ्यात महत्त्वाची हीच आहे असं मला वाटतं, आणि पालक सभेत ती कोणी मांडत नाही.

अत्याचार करणारा घरातला असेल तर त्याचं नाव जाहीर करणं म्हणजे मुलाचं नाव जाहीर करणं. वडिलांचं नाव, आडनाव, इमारतीचा पत्ता, आरोपाचं कलम एवढं यादीत आलं की त्या घरात आठ वर्षांची एकच मुलगी आहे हे मजल्यावर सगळ्यांना माहीत असतं. तिची शाळा, तिच्या मैत्रिणी, पुढे तिच्या लग्नाची बोलणी, सगळीकडे ते नाव तिच्याआधी पोचणार.

म्हणून तर पोक्सोच्या कलम २३ ने माध्यमांना आणि कलम ३३(७) ने कोर्टाला मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ तेच सांगतं. डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना निकालात सर्वोच्च न्यायालयाने ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे, ज्यावरून ओळखता येईल असा कुठलाही तपशील, असं स्पष्ट केलं. खुली यादी हे सगळं एका फटक्यात मोडते.

आणि पुढचा परिणाम आणखी वाईट. मामाचं नाव कायमचं सरकारी वेबसाइटवर लागणार हे कळलं की आजी म्हणते, घरातच मिटवू. मूल बोललेलं असतं. त्यानंतर मोठी माणसं गप्प बसतात.

उल्का

बालवाडीताई, शंभर टक्के पटलं.

गिरगावकर

ताई, हा विचार मी केला नव्हता. घरातल्या प्रकरणांपुरतं मान्य. पण व्हॅनवाला, क्लासवाला, शाळेचा कंत्राटी कामगार यांचं काय? तिथे तर माणूस बाहेरचाच असतो. आणि दुसरं, 'शिक्षा लागल्यावरच नाव' असं म्हटलं तर यादी अर्धीमुर्धी राहणार. किती खटल्यांत मुलाचे घरचे कोर्टात फिरतात? आरोपी कमावता असतो, दबाव येतो, मूल साक्षीला उभं राहतं तोवर वर्षं उलटतात. आरोपी सुटला म्हणजे त्याने केलं नव्हतं असा अर्थ होत नाही.

काळा_कोट

दुसरा मुद्दा खरा आहे आणि अवघड आहे. पोक्सोचं कलम ३५ सांगतं की कोर्टाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो एका वर्षात खटला पूर्ण व्हावा. प्रत्यक्षात तसं होत नाही, आणि जितका उशीर तितके साक्षीदार फितूर.

म्हणूनच अमेरिकेने कोर्टाच्या निकालावर न थांबणारी वही केली. तिथे काय चुकलं ते बघू. उल्काताई, तुम्ही बहुतेक सविस्तर सांगू शकाल.

उल्का

सांगते. दोन निकाल बघण्यासारखे आहेत.

न्यूयॉर्कमध्ये नाव चढवायला 'थोडासा विश्वासार्ह पुरावा' पुरत असे. म्हणजे पारड्यात एका बाजूला काहीतरी आहे एवढंच बघायचं, दुसऱ्या बाजूला किती आहे ते तोलायचंच नाही. १९९४ मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयापुढे एका आईचं प्रकरण आलं. मुलीला थप्पड मारल्यावरून नोंद झाली होती आणि त्यामुळे मुलांमध्ये काम मिळण्याचा रस्ता बंद झाला होता. तेव्हा वहीत सुमारे वीस लाख नावं होती. न्यायालयाच्या नजरेत एक आकडा भरला: नाव काढून टाका म्हणून जे शेवटपर्यंत भांडले त्यांच्यातले जवळपास ७५ टक्के जिंकले. ज्या यंत्रणेला आव्हान दिलं की चारातली तीन नावं उतरतात, तिचा नाव चढवण्याचा निकषच कच्चा आहे असं न्यायालयाने म्हटलं. हा निकष कायद्याने बदलायला मात्र १ जानेवारी २०२२ उजाडलं. आता दोन्ही बाजू तोलून 'झालं असण्याची शक्यता जास्त' असं दिसावं लागतं. आधी नाव घरातलं सगळ्यात धाकटं मूल २८ वर्षांचं होईपर्यंत राहायचं. आता दुर्लक्षाच्या प्रकरणांत आठ वर्षांनंतर नोकरीच्या चौकशीत ते दिसत नाही.

दुसरं कॅलिफोर्नियाचं. तिथली वही १९६५ पासूनची. एका जोडप्यावरचे आरोप मागे घेतले गेले, न्यायाधीशांनी दोघांना 'वस्तुतः निर्दोष' असा दाखलाही दिला, तरी नावं वहीत तशीच राहिली. कारण नाव उतरवायची पद्धतच कुठे लिहिलेली नव्हती! जिल्ह्याने राज्याकडे बोट दाखवायचं, राज्याने जिल्ह्याकडे. २००९ मध्ये अपील न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवलं. २०१२ पासून तिथे फक्त 'तथ्य आढळलेली' प्रकरणं जातात आणि सुनावणीचा हक्क मिळतो.

आणखी एक. अमेरिकेत बालसंरक्षण खात्याने तथ्य मानलेल्या प्रकरणांत सुमारे तीन चतुर्थांश मुलांची नोंद दुर्लक्षाची असते. दुर्लक्ष आणि गरिबी यांची सरमिसळ फार पटकन होते. आपल्याकडे तशीच वही आली तर धारावीत दहा वर्षांच्या ताईवर धाकट्याला सोपवून चार घरची धुणीभांडी करायला जाणारी आई सगळ्यात आधी तीत येईल. तिला पाळणाघराची गरज आहे. वहीत नाव चढलं तर कामही जाईल, कारण काम बहुतेक मुलं असलेल्या घरातच असतं.

पारसिक

उल्काताई, शेवटचा परिच्छेद निवेदनात जसाच्या तसा जायला हवा.

लंडनस्थ

इंग्लंडची पद्धत मला या दोन्हींपेक्षा बरी वाटते. पूर्ण निर्दोष नाही, पण आपल्या उपयोगाची आहे.

२००२ मध्ये सोहॅम गावात शाळेच्या केअरटेकरने दोन मुलींचा खून केला. त्याच्याविरुद्ध आधी दुसऱ्या जिल्ह्यात तक्रारी झाल्या होत्या, पण नोकरी देताना त्या पुढे आल्याच नाहीत. बिचर्ड चौकशीनंतर २००६ चा कायदा आला. आता एक स्वतंत्र सरकारी संस्था प्रतिबंधित व्यक्तींची यादी सांभाळते. ती जनतेला दिसत नाही. शाळा अर्ज करते, उमेदवाराच्या संमतीने, आणि मुलांबरोबर काम करायला बंदी आहे की नाही ते प्रमाणपत्रावर येतं.

पायऱ्या अशा:

शाळेने किंवा क्लबने कोणाला मुलांना धोका म्हणून कामावरून काढलं, किंवा काढणार होते पण त्याने आधीच राजीनामा दिला, तर संस्थेला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेचा कणा हाच आहे.

काही गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झाली असेल तर बंदी आपोआप लागते. इतर प्रकरणांत संस्था त्या माणसाला 'बंदी घालण्याचा विचार आहे' असं पत्र पाठवते, सोबत सगळी कागदपत्रं. उत्तर द्यायला आठ आठवडे. निर्णय 'शक्यता जास्त' या तोलावर. त्यावर वरच्या न्यायाधिकरणाकडे अपील.

आणि फेरविचार. बंदी लागताना वय २५ किंवा जास्त असेल तर १० वर्षांनी, १८ ते २४ असेल तर ५ वर्षांनी, १८ च्या खाली असेल तर १ वर्षाने अर्ज करता येतो.

पालकांसाठी वेगळी सोय आहे. आपल्या मुलाच्या सहवासात येणाऱ्या ठरावीक माणसाबद्दल पोलिसांकडे चौकशी करता येते. धोका दिसला तर पोलीस मुलाला वाचवू शकेल अशा व्यक्तीलाच सांगतात, आणि ती माहिती पुढे पसरवायची नसते. २०११ पर्यंत ही योजना इंग्लंड-वेल्समध्ये सगळीकडे पोचली.

गिरगावकर

हे मला पटतंय. म्हणजे आई विचारू शकते, पण गल्लीभर बोभाटा होत नाही. माझा मूळ आग्रह 'सगळ्यांना दिसावी' असा होता. तो बदलून 'ज्याला गरज आहे त्याला उत्तर मिळावं' असा करतो.

मृणाल_मुलुंड

लंडनस्थ, खूप आभार. राजीनाम्याचा मुद्दा मोलाचा आहे. आपल्याकडे हे कुठे बसतं?

काळा_कोट

आपल्याकडे पोक्सोचं कलम १९ आहे. गुन्हा झाल्याची माहिती किंवा होण्याची भीती असेल तर कोणीही, अगदी डॉक्टरनेही, विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. राजीनामा घेऊन प्रकरण मिटवणारा मुख्याध्यापक स्वतः गुन्हा करत असतो, हे कित्येक व्यवस्थापनांना अजून माहीत नाही.

पण फट अशी: पोलिसांत गेलं तर पुढच्या शाळेला कळवण्याचा रस्ता नाही, आणि न गेलं तर कुठेच नोंद नाही. शिवाय पोक्सोत न बसणारी पण धोक्याची वागणूक, उदाहरणार्थ एकट्या मुलाला वारंवार खोलीत थांबवून घेणं, रात्री खासगी मेसेज पाठवणं, ही कुठल्याच कागदावर येत नाही.

पारसिक

आता मुंबईत आज जे हातात आहे त्यावर लिहितो. पोक्सो नियम २०२० च्या नियम ३ नुसार मुलांना ठेवणाऱ्या किंवा मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या प्रत्येक संस्थेने, म्हणजे शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी वगैरे, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची आहे. नियमात शिक्षक आणि शिपाई असा भेद नाही, नियमित आणि कंत्राटी असाही नाही.

चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन करून सध्याच्या पत्त्याच्या पोलीस ठाण्यातून ती होते. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि संस्थेचं पत्र लागतं. चुकतं कुठे ते सांगतो.

पत्ता. माणूस चार महिन्यांपूर्वी दिव्याहून गोवंडीला आला असेल तर गोवंडीच्या ठाण्यात त्याचं काहीच नसतं. फॉर्मवर मागच्या पाच वर्षांचे सगळे पत्ते आणि मूळ गाव लिहून घ्या, आणि पत्रात त्या ठाण्यांकडून अहवाल मागवण्याची विनंती करा. गुन्ह्यांच्या नोंदींचं देशव्यापी संगणक जाळं आहे, पण नावाच्या स्पेलिंगवर शोध अडखळतो.

कंत्राटदार. सफाईची एजन्सी 'सगळे व्हेरिफाइड आहेत' असं एक पत्र देते. प्रत्येक माणसाचा वेगळा दाखला, मूळ प्रत आणि अर्ज क्रमांक मागा. बदली कामगार आला तर दाखला नसताना गेटच्या आत नाही, हे करारातच लिहा. सगळ्यात जास्त गळती या बदली कामगारात होते.

तारीख. तीन वर्षांपूर्वीचा दाखला फायलीत लागलेला असतो आणि सगळे निर्धास्त असतात. दाखला त्या दिवसापुरता खरा. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये मुलांसोबत काम करण्याचा परवाना पाच वर्षांचा असतो आणि त्या काळात गुन्ह्याची नोंद झाली तर यंत्रणेला आपोआप कळतं. आपल्याकडे ते होईपर्यंत दर वर्षी जूनच्या आधी नूतनीकरण हाच उपाय.

आणि दाखला कोरा असणं म्हणजे माणूस सुरक्षित असणं नव्हे. आधीच्या शाळेला लँडलाइनवर फोन करा, उमेदवाराने दिलेल्या मोबाइलवर नको. प्रश्न एकच: 'या व्यक्तीला तुम्ही पुन्हा मुलांसोबत काम द्याल का?' हो की नाही याआधी जी शांतता पडते ती ऐका, आणि लेखी उत्तर मागा.

रेवती_के

कोर्टाच्या वेबसाइटवर नाव टाकून शोधलं तर? ते तर सगळ्यांना खुलं आहे.

पारसिक

ताई, शोधता येतं, पण त्यावर निर्णय घेऊ नका. जिल्हा, न्यायालय, वर्ष आणि नावाची किमान तीन अक्षरं लागतात. 'सचिन पाटील' टाकून बघा, कळेल. नावापलीकडे वय, पत्ता, वडिलांचं नाव काही जुळवता येत नाही. उलट पोक्सोचं प्रकरण तिथे दिसेलच असंही नाही. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एफआयआर वेबसाइटवर टाकतात, पण लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील वगळून. म्हणजे या शोधात निर्दोष माणूस सापडतो आणि दोषी सुटतो.

उल्का

आणि तोच स्क्रीनशॉट इमारतीच्या ग्रुपवर फिरतो. 'सावधान, या माणसापासून मुलांना दूर ठेवा.' नावात साम्य असलेला गरीब व्हॅनवाला गाव सोडून जातो. सरकारी यादीत निदान अपील असतं, व्हॉट्सअॅपच्या यादीत तेही नाही.

गजानन_वसई

थोडं विषयांतर. सीसीटीव्हीने हे सगळं सुटत नाही का? २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयात शाळांना कॅमेरे सक्तीचे केलेत.

बालवाडीताई

कॅमेरा स्वच्छतागृहात लावता येत नाही आणि घटना तिथे किंवा जिन्याच्या वळणावरही घडू शकतात. त्याआधीची व्यवस्था महत्त्वाची: पूर्वप्राथमिकच्या स्वच्छतागृहाच्या दाराशी मावशी, मुलींच्या स्वच्छतागृहाची सफाई मुलं वर्गात असताना आणि तीही स्त्री कर्मचाऱ्याकडून. व्हॅनमध्ये शेवटचं मूल उतरेपर्यंत बाई सहायक. २०११ च्या स्कूल बस नियमांतही ते आहे, पण शेवटच्या दोन स्टॉपला बाई आधीच घरी उतरलेली असते.

पारसिक

कॅमेऱ्याचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे साठवण. रेकॉर्डर १५ ते ३० दिवसांत जुन्यावर नवं लिहितो. मूल तीन आठवड्यांनी बोललं तर काही उरत नाही. तक्रार आली की त्याच तासाला रेकॉर्डर बंद करून पोलिसांच्या ताब्यात द्या, पंचनाम्यासह. शाळेच्या आयटीवाल्याने पेनड्राइव्हवर क्लिप कापून देऊ नये. कापलेल्या क्लिपवर आरोपीचा वकीलही शंका घेतो आणि मुलाचाही.

बालवाडीताई

आणि मूल बोललं तर काय करायचं तेही इथेच लिहिते, कारण यादीत खरं की खोटं नाव जाणार हे बरंचसं पहिल्या अर्ध्या तासात ठरतं.

मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच भाषेत, तारीख-वेळ घालून लिहा. 'त्याने इथे हात लावला का?' असं विचारू नका. 'मग काय झालं?' एवढंच. मुख्याध्यापक, मग ट्रस्टी, मग समुपदेशक अशा चार जणांनी चार वेळा विचारलं की चार वेगळी वाक्यं तयार होतात. खरी तक्रार कोर्टात त्यानेच पडते, आणि खोट्या संशयाला त्यानेच बळ मिळतं. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. १०९८ किंवा ११२ वर फोन, किंवा थेट पोलीस ठाणं. मुलाचा जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घेतात, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या बाईंकडून, साध्या कपड्यांत. २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवणं पोलिसांचं काम आहे. तपासात आणि खटल्यात मुलाला साथ देणारी मदतनीस व्यक्ती मागून घ्या, तो मुलाचा हक्क आहे.

कर्मचाऱ्याला त्याच दिवशी मुलांपासून दूर करा. पगारी रजा, निलंबन, काहीही. ही शिक्षा नाही असं पत्रात लिहा. त्याने मूलही सुरक्षित राहतं आणि माणसालाही चौकशीआधी दोषी ठरवलं जात नाही.

काळा_कोट

मूळ विषयाकडे येतो. दोन गट असे आहेत ज्यांची नावं कुठल्याही यादीत आपोआप जाऊ नयेत.

पहिला, १८ खालची मुलं. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम २४ सांगतं की विधिसंघर्षग्रस्त बालकाला, म्हणजे गुन्हा केल्याचा आरोप असलेल्या किंवा तो केलेल्या मुलाला, पुढे कुठलीही अपात्रता चिकटणार नाही आणि नोंदी ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतील. गंभीर गुन्ह्यात १६ वर्षांवरच्याला बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून दोषी धरलं तर तेवढा अपवाद.

दुसरा, प्रेमसंबंधांची प्रकरणं. एनफोल्ड संस्थेने आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधले २०१६ ते २०२० चे ७,०६४ निकाल तपासले. १,७१५ म्हणजे २४.३ टक्के प्रकरणं प्रेमसंबंधांची निघाली. साडेसतरा वर्षांची मुलगी, एकोणीस वर्षांचा मुलगा, पळून गेले, घरच्यांनी तक्रार केली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रेमसंबंधांच्याच एका प्रकरणात दोषी ठरलेल्या माणसाला राज्यघटनेचं कलम १४२ वापरून शिक्षा भोगायला लावली नाही, कारण आता त्याची बायको असलेल्या त्या मुलीचंच नुकसान होत होतं. यादी आंधळेपणाने कलम बघून भरली तर हा माणूस आणि सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करणारा एकाच रांगेत बसतात. मग यादी बघणाराही कंटाळून तिच्याकडे दुर्लक्ष करायला लागतो.

गिरगावकर

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. फुगलेली यादी मुलांनाही महागात पडते.

मृणाल_मुलुंड

सगळ्यांच्या प्रतिसादांवरून मसुदा केलाय. चुका दाखवा.

'१. राष्ट्रीय यादी जनतेला खुली करू नये. नोंदणीकृत शाळा, पाळणाघर, क्लास, क्रीडा संस्थेने उमेदवाराच्या संमतीने विचारल्यास "मुलांसोबत काम करण्यास बंदी आहे / नाही" एवढंच उत्तर मिळावं. गुन्ह्याचा तपशील, मुलाशी नातं, पत्ता देऊ नये.

२. मुलांना धोका म्हणून काढलेल्या, किंवा चौकशी चालू असताना राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याची माहिती ३० दिवसांत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला देणं संस्थेला बंधनकारक असावं.

३. शिक्षा झालेली नसताना बंदी घालायची असल्यास लेखी नोटीस, कागदपत्रांच्या प्रती, उत्तरासाठी ६० दिवस, दोन्ही बाजू तोलून सकारण निर्णय आणि अपील.

४. गरिबीतून आलेलं दुर्लक्ष, १८ खालील मुलं आणि वयाने जवळच्या जोडीदारांचे संमतीचे संबंध यांची आपोआप नोंद नको.

५. फेरविचाराची मुदत ठरलेली असावी. निर्दोष सुटल्यास किंवा नोंद चुकीची ठरल्यास नाव उतरवण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची आणि किती दिवसांत, हे नियमात लिहावं.'

काळा_कोट

चांगलं झालंय. तीन दुरुस्त्या.

क्र. २ मध्ये 'पोक्सो कलम १९ खालील पोलिसांना कळवण्याच्या कर्तव्याला बाधा न आणता' हे शब्द घाला. नाहीतर शाळा म्हणतील, कक्षाला कळवलं, आता पोलिसांत जायला ३० दिवस आहेत.

क्र. ३ मध्ये निर्णय होईपर्यंत तात्पुरती बंदी घालता यावी, पण तिलाही मुदत हवी, उदाहरणार्थ ९० दिवस, आणि वाढवायची तर लेखी कारण. मुदत नसेल तर तात्पुरतीच कायमची होते.

क्र. ५ मध्ये 'निर्दोष सुटल्यास' आपोआप उतरवू नका. गिरगावकरांनी वर मांडलेला फितूर साक्षीदारांचा प्रश्न तिथे येतो. शिक्षेमुळे चढलेलं नाव अपिलात सुटल्यावर उतरावं. क्र. ३ च्या रस्त्याने स्वतंत्र चौकशी होऊन चढलेलं नाव फेरविचारातूनच उतरावं.

उल्का

क्र. १ मध्ये नावाबरोबर जन्मतारीख आणि बोटांचा ठसा जुळल्याशिवाय 'बंदी आहे' असं उत्तर जाऊ नये, हेही घाला. आणि उत्तराची प्रत उमेदवाराला आधी मिळावी, म्हणजे नावाच्या साम्यामुळे घोळ झाला असेल तर नोकरी जायच्या आत दाखवता येईल.

मृणाल_मुलुंड

चारही दुरुस्त्या घेतल्या. तात्पुरत्या बंदीला ९० दिवस धरले.

रेवती_के

घरी येऊन शिकवणारे, तबला, चित्रकला, गणित, हे क्र. १ मधल्या 'नोंदणीकृत' शब्दात येतात का? संस्था नसते, एकटा माणूस असतो.

लंडनस्थ

नाही येत. त्यांच्यासाठी 'ठरावीक व्यक्तीबद्दल पालकाने पोलीस ठाण्यात अर्ज करायचा, उत्तर फक्त त्या पालकाला' अशी वेगळी सहावी मागणी लागेल.

मृणाल_मुलुंड

सहावी घातली. तोवर शिकवणीच्या खोलीचं दार उघडं.